सोलर आज किती घ्यावं, उद्या कसं वाढवावं?

प्रश्न : आमचं घर राऊला, एबी रोडपासून आत, दुमजली, वर मोकळी गच्ची. वर्षभराची बिलं समोर ठेवून हिशेब केला तर महिन्याला सरासरी 320 युनिट होतात, मे महिन्यात 450च्या पुढे जातात. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ आलं की लाइट जाते, कधी अर्धा तास, कधी रात्रभर. सासूबाईंना आता रात्री ऑक्सिजनचं यंत्र लावावं लागतं, त्यामुळे लाइट गेली की जीव टांगणीला लागतो. समोरच्यांनी गेल्या वर्षी सोलर बसवलं. त्यांच्या गच्चीवर भर उन्हात पॅनेल तळपत असतात आणि घरात लाइट नसते, हे कसं? आम्हांला सगळा खर्च एकदम झेपणार नाही. आत्ता थोडं घेऊन पुढे वाढवत नेता येईल का? दोन-तीन वर्षांत विजेवर चालणारी गाडी घ्यायचाही विचार आहे.
(एक वाचक भगिनी, राऊ, इंदूर)

उत्तर : आधी समोरच्या घराचं कोडं सोडवू, कारण तुमची सगळी आखणी त्यावरच उभी राहणार आहे.

त्यांच्याकडे आहे ते ऑन-ग्रिड सोलर. त्याचा इन्व्हर्टर खांबावरून येणाऱ्या विजेच्या तालावर चालतो. तिचा दाब, तिची सेकंदाला 50 आवर्तनं बघायची आणि त्यात आपली वीज मिसळायची, एवढंच त्याचं काम. खांबावरची वीज गेली की तो दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. ही त्याची खोड नाही, नियमच तसा आहे आणि त्याच्या चाचणीसाठी आयएस 16169 हे भारतीय मानक आहे. कारण अगदी साधं आहे. लाइट गेल्यावर लाइनमन खांबावर चढतो. त्या वेळी तुमच्या गच्चीवरून वीज उलटी तारेत गेली तर बंद समजलेली तार जिवंत असेल. समोरच्या घरी अंधार होतो म्हणून खांबावरचा माणूस सुरक्षित राहतो.

म्हणजे लाइट गेल्यावरही घर चालायला हवं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, खांबाशी नातं तोडून स्वतःच्या तालावर चालू शकणारा हायब्रिड इन्व्हर्टर. दोन, बॅटरी. नुसता हायब्रिड इन्व्हर्टर घेऊन बॅटरी पुढच्या वर्षी घेऊ म्हणाल, तर मधलं वर्षभर लाइट गेली की तुमच्याकडेही बहुतेक समोरच्यासारखाच अंधार असेल. ढग आला की पॅनेलची वीज क्षणात निम्मी होते. तो हिसका झेलायला बॅटरी लागते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, आत्ता थोडं आणि पुढे जास्त. हे जमतं, पण उलट्या क्रमाने. लोक पॅनेल आणि बॅटरी आधी भरपूर घेतात आणि वायरिंग, अर्थिंग, इन्व्हर्टर यांत काटकसर करतात. माझं म्हणणं याच्या नेमकं विरुद्ध आहे. जे भिंतीत, जमिनीत आणि कागदावर जातं ते एकदाच आणि पुढचं बघून करा. जे शेजारी आणून ठेवता येतं ते हळूहळू घ्या. पॅनेल वर्षाने आणखी सहा लावता येतील, पण प्लास्टर केलेली भिंत पुन्हा फोडायला कोणालाच आवडत नाही.

भिंतीपासूनच सुरुवात करू. घरच्या वायरिंगचे दोन भाग करा. एका बाजूला ज्यांच्यावाचून अडतं ते: सासूबाईंच्या खोलीतला पॉइंट, त्या खोलीतला पंखा, आणखी एक पंखा, प्रत्येक खोलीतला एक दिवा, जिन्यातला दिवा, वायफाय, फ्रिज. दुसऱ्या बाजूला गीझर, एसी, इस्त्री, मोटर, वॉशिंग मशीन. पहिल्या भागाची वेगळी पेटी बसवा आणि तिलाच इन्व्हर्टरच्या बॅकअपची वायर द्या. या भागाचा न्यूट्रलही वेगळा ओढा. जुन्या घरांत दोन्ही भागांचे न्यूट्रल कुठेतरी जोडपेटीत एकत्र बांधलेले असतात आणि मग इन्व्हर्टर वरचेवर ट्रिप होतो किंवा बंद समजलेल्या वायरचा झटका बसतो. इलेक्ट्रिशियनला हे काम सोलरवाले येण्याआधीच सांगा आणि फ्रिजला स्वतंत्र ब्रेकर द्यायला लावा. त्याचा उपयोग पुढे येईल. इन्व्हर्टर दुरुस्तीला गेला तरी घर चालावं म्हणून हाताने फिरवायचा चेंजओव्हर स्विचही याच वेळी बसवून घ्या. हा स्विच बरेचजण वगळतात आणि इन्व्हर्टर बिघडला की अख्खं घर अंधारात बसतं.

जमिनीतलं काम म्हणजे अर्थिंग. पॅनेलच्या डीसी बाजूचं, एसी बाजूचं आणि वीजरोधकाचं, असे तीन वेगळे खड्डे हवेत. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडून कोरडी होते. भेग पडली की माती इलेक्ट्रोडला सोडून देते. म्हणून अर्थिंगची मोजणी ऑक्टोबरात नव्हे, मे महिन्यात करून घ्या. वादळी पावसाआधी ती ठीक असेल तर वर्षभर ठीक असेल.

आता किती वीज, ते बघू. आपल्या भागात 1 किलोवॅट पॅनेलमागे वर्षाची सरासरी काढली तर रोज साधारण 4 युनिट धरावेत. मार्च-एप्रिलला त्याहून जास्त मिळतात, जुलै-ऑगस्टच्या झडीत अडीच-तीनवर येतात. महिन्याला 120 युनिट झाले. तुमचे 320 भागिले 120, म्हणजे पावणेतीन. तेव्हा 3 किलोवॅट. आजची 540-550 वॅटची सहा पॅनेल लावली की काम झालं. एक पॅनेल सुमारे 28 चौरस फुटांचं, पण चालायला, पुसायला जागा ठेवून गच्चीची 250 ते 300 चौरस फूट जागा धरा. ढाचा सात-आठ फूट उंच करून घेतलात तर खाली पापड-कुरडयांच्या वाळवणाला, कपड्यांना जागा राहते. मात्र उंच ढाच्याला वाराही जास्त लागतो. त्याचे पाय नुसत्या विटांच्या ओट्यावर ठेवू देऊ नका, स्लॅबला धरून बसवा.

सावलीकडे नीट बघा. पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली टाकीची सावली पूर्ण रांगेची वीज खाली ओढते. 22 डिसेंबरच्या सुमारास इंदूरला सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून 44 अंशच वर येतो. त्या वेळी 5 फुटांच्या टाकीची सावली 5 फुटांहून थोडी जास्त असते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती 10 फुटांवर जाते. उन्हाळ्यात जागा ठरवली तर हे दिसतच नाही, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. म्हणून टाकी, जिन्याची खोली आणि शेजाऱ्याचा पुढे कधी उठू शकणारा मजला, या तिन्हींच्या सावल्या डिसेंबरच्या हिशेबाने मोजा. राऊच्या वसाहतींत घरावर घर चढायला वेळ लागत नाही. पुढच्या सहा पॅनेलची जागा आजच खडूने आखून ठेवा आणि तिथे डिश, दोऱ्या, कुंड्या काही येऊ देऊ नका.

इन्व्हर्टर 3 नव्हे, 5 किलोवॅटचा हायब्रिड घ्या. इथेच वाढीची खरी जागा असते. त्यात पॅनेलच्या दोन स्वतंत्र रांगा जोडायची सोय, म्हणजे दोन एमपीपीटी, असायला हवी. आजची सहा पॅनेल पहिल्या रांगेत जातील आणि दुसरी रिकामी राहील. पुढे नवी पॅनेल घ्याल तेव्हा ती याच मापाची मिळतील असं नाही. एका रांगेत कमी प्रवाहाचं पॅनेल आलं की सगळी रांग त्याच्याच गतीने चालते, बैलगाड्यांच्या रांगेत पुढची गाडी हळू असली की मागच्यांचं होतं तसं. वेगळ्या रांगेत ही अडचण उरत नाही. शिवाय एकाच रांगेत पॅनेल वाढवत नेण्यात धोका आहे. अशा एका पॅनेलचा मोकळा दाब सुमारे 50 व्होल्ट. सहांचे 300, बारांचे 600. थंडीत दाब आणखी वाढतो: पारा 5 अंशांवर आलेल्या सकाळी तो पाच टक्क्यांहून जास्त वर जातो, म्हणजे 630च्या पुढे. घरगुती हायब्रिड इन्व्हर्टरची मर्यादा बहुधा 500 ते 600 व्होल्टची असते. एका थंड सकाळी इन्व्हर्टर जळतो आणि वॉरंटीत ते बसत नाही. दुसऱ्या रांगेसाठी गच्चीपासून खालपर्यंत एक रिकामा पाइप आतून दोरी ओवून आजच टाकून ठेवा. खर्च किरकोळ, सोय मोठी.

बॅटरीचा हिशेब तुमच्यासाठी मी जरा बारकाईने केला आहे, कारण इथे प्रश्न सासूबाईंच्या श्वासाचा आहे. घरगुती 5 लिटरचं ऑक्सिजन यंत्र साधारण 350 वॅट घेतं. तुमच्या यंत्रामागच्या पट्टीवरचा आकडा वाचून खात्री करा. दोन जुने पंखे 75-75 वॅटचे, वायफाय 10, रात्रीचा दिवा 5, फ्रिज सरासरी 50. बेरीज 565 वॅट. आठ तासांची रात्र धरली तर साडेचार युनिट. आता पंखे बदलून बीएलडीसी घ्या, ते 30 वॅटमध्ये तेवढाच वारा देतात. बेरीज 475 वॅटवर येते, रात्रीचे 3.8 युनिट. इन्व्हर्टर स्वतः चालायला 50 वॅटच्या आसपास खातो, त्याचे 0.4 धरले की 4.2. दोन पंखे बदलून रात्रीचे पाऊण युनिट वाचले. बॅटरीचा विचार करण्याआधी पंखे बदला, त्याहून स्वस्त बॅकअप बाजारात नाही.

बॅटरी 48 व्होल्टच्या वर्गातली लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. 12 व्होल्टवर 3 किलोवॅट काढायचे तर 250 अँपिअर वाहतात, मनगटाएवढी केबल तापते. 48 व्होल्टवर तेच काम 63 अँपिअरमध्ये होतं. बाजारात मिळणारा एक नग 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांचा असतो, म्हणजे 5.12 युनिट. 10 टक्के राखून आणि इन्व्हर्टरमधली घट वजा करून हातात 4.2 युनिट येतात. तुमची रात्रही 4.2ची. म्हणजे नवी असताना एक बॅटरी जेमतेम पुरेल, तीन-चार वर्षांनी नाही. ऑक्सिजनचं यंत्र नसतं तर मी एकच घ्या म्हटलं असतं. तुमच्यासाठी दोन सांगतो, आणि तिसरीची जागा. दुसरी लगेच झेपत नसेल तर लाइट गेली की फ्रिजचा ब्रेकर खाली करायचा. बंद दारात फ्रिज चार तास गार राहतो. त्यासाठीच तो वेगळा करून ठेवायला सांगितला. आणि बॅटरी कितीही मोठी असली तरी डॉक्टरांशी बोलून ऑक्सिजनचा भरलेला छोटा सिलिंडर घरात ठेवाच. यंत्र बिघडू शकतं, इन्व्हर्टर बिघडू शकतो. सिलिंडरला वीज लागत नाही.

लिथियम म्हटलं की मोबाइलच्या आगी आठवतात, म्हणून एक खुलासा. हे रसायन वेगळं आहे. टेक्सास विद्यापीठात ए. के. पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी 1997मध्ये ते जगापुढे मांडलं. यातला फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे तापल्यावर भडका उडण्याचा संभव मोबाइलमधल्या कोबाल्टच्या जातीपेक्षा बराच कमी असतो. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कामासाठी 2019मध्ये नोबेल मिळालं. तरीही बॅटरी झोपायच्या खोलीत नको, गच्चीवर उन्हात नको आणि जिन्याखाली तर नकोच. आपल्याकडे इन्व्हर्टरची जागा म्हणजे जिन्याखालचा कोनाडा असं ठरूनच गेलं आहे. पण काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते. पोर्चच्या सावलीतली भिंत, जमिनीपासून दोन फूट वर, वारा खेळता, ही जागा चांगली.

बॅटरी वाढवायची असेल तर तीन गोष्टी दरपत्रकावर लिहून घ्या. तोच नग पुढे किती वर्षं मिळेल. त्याच इन्व्हर्टरशी तो बोलतो का, म्हणजे दोघांमधली संदेशाची तार जुळते का. आणि 'बॅटरी रेडी' असं छापलं असेल तर बॅटरी जोडायला पुढे वेगळे पैसे भरावे लागणार का, कारण काही इन्व्हर्टरमध्ये ते लागतात. नवा नग जुन्याला समांतर जोडताना दोन्ही सारखे भरलेले हवेत आणि दोघांच्या केबल सारख्या लांबीच्या हव्यात. लांबी कमीजास्त झाली की जवळची बॅटरी जास्त राबते आणि लवकर म्हातारी होते.

मात्र बॅटरीने बिल वाचेल ही आशा ठेवू नका. नेट मीटर असेल तर दिवसा दिलेलं युनिट रात्री घेतलेल्यातून वजा होतं. बिलाच्या दृष्टीने खांबच तुमची बॅटरी झाला. तुमच्या दोन बॅटऱ्या लाइट गेल्यावरच उतरतात, एरवी भरून उभ्या असतात. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये तसंच ठेवायला सांगा. बसवणारे कधीकधी रोज रात्री बॅटरीवर घर चालवायची सेटिंग करून जातात. मग मध्यरात्री लाइट जाते तेव्हा बॅटरी आधीच रिकामी असते.

कागदाचं काम असं. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना 2024च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पहिल्या 2 किलोवॅटला दर किलोवॅटमागे 30,000 रुपये, तिसऱ्याला 18,000, म्हणजे 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे आणि त्यापुढे ते वाढत नाही. सरकारने यासाठी धरलेला मूळ खर्च पहिल्या दोनांना 50,000 आणि तिसऱ्याला 45,000 असा होता. अनुदान खांबाशी जोडलेल्या सोलरलाच आहे आणि पॅनेलच्या आतली सेलसुद्धा भारतात बनलेली लागते. बॅटरीला अनुदान नाही. बसवणारा योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदलेला हवा. तुमचा अर्ज तिथून पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीकडे जाईल. 2024च्या दुरुस्त नियमांप्रमाणे 10 किलोवॅटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक पाहणीशिवाय मंजूर धरायचा असतो आणि त्यासाठी लागणारी मंजूर भारातली वाढही वितरण कंपनीनेच करून द्यायची असते. पुढे पॅनेल वाढवाल तेव्हा नवा अर्ज करून मगच जोडा. न सांगता जोडलेलं पॅनेल नेट मीटरच्या कराराबाहेरचं असतं.

इथे इतर वाचकांसाठी एक गोष्ट. तुमचा वापर महिन्याला 150 युनिटांच्या आत असेल तर मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत पहिली 100 युनिटं 100 रुपयांत मिळतात. अशा घराला सोलरचे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. त्यांनी घाई करू नये. राऊच्या भगिनींचं घर या मर्यादेच्या पुष्कळ पलीकडे आहे, त्यांना ते सरळ परवडतं.

गाडीची काळजी करू नका. विजेवरची छोटी गाडी एका युनिटला 6-7 किलोमीटर जाते. रोज राऊ ते राजवाडा आणि परत, असे 30 किलोमीटर धरले तर 5 युनिट, म्हणजे सव्वा किलोवॅट पॅनेल. रिकाम्या ठेवलेल्या दुसऱ्या रांगेतली चार पॅनेल त्यासाठी पुरून उरतील. गाडी घरच्या बॅटरीवर कधीही लावायची नाही. एका रात्रीत ती सासूबाईंच्या वाट्याची वीज पिऊन टाकेल. तिचा पॉइंट दुसऱ्या, बॅकअप नसलेल्या पेटीवर घ्या आणि पोर्चपर्यंतची 6 चौरस मिलिमीटरची वायर आत्ताच ओढून ठेवा.

इंदूर शहराने स्वतः हाच रस्ता धरला. शहराला नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून चढवावं लागतं आणि महापालिकेच्या विजेच्या बिलात ते मोठं ओझं आहे. 2023च्या फेब्रुवारीत महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे जनतेत विकायला काढले ते जलूदला 60 मेगावॅटचं सोलर उभारण्यासाठी. बिल कशाने फुगतं ते आधी शोधलं आणि मग पॅनेलचा आकडा ठरवला. तुमच्या 450 युनिटांच्या मे महिन्यात एसी किती आणि कूलर किती, एवढं एकदा मोजून बघा.

थोडक्यात माझा सल्ला हा: या हिवाळ्यात वायरिंग, अर्थिंग, पंखे. त्यानंतर 3 किलोवॅट पॅनेल, 5 किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि निदान एक बॅटरी, जूनच्या वादळांआधी. दुसरी बॅटरी अनुदान खात्यात आलं की. चार पॅनेल गाडीबरोबर.

प्रश्न : घरात 150 अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आणि जुना इन्व्हर्टर आहे. तीन वर्षं झाली. त्यालाच सोलर जोडून तिसरी बॅटरी घालता येईल का?
(एक वाचक, महू)

उत्तर : सोलर जोडता येईल, तिसरी बॅटरी नाही. तुमची जोडी 24 व्होल्टची आहे, तिच्यात एकटी बॅटरी बसतच नाही. दोन नव्या घातल्या तरी जुन्या दोन त्यांना आपल्या वयाला ओढतात. मी स्वतः माझ्या घरी हे करून बसलो आहे. तीन वर्षं जुन्या जोडीशेजारी नवी जोडी लावली आणि दीड वर्षात चारही बदलाव्या लागल्या. जुन्या कमी भरतात, नव्या त्यांना भरवत राहतात, आणि शिसं असंच संपतं.

तुमच्याकडे कागदावर 3.6 युनिट आहेत. ट्यूब्युलर निम्म्याहून जास्त उतरवली की आयुष्य घटतं, म्हणून हातात 1.8 धरा. दोन पॅनेल आणि एमपीपीटी चार्ज कंट्रोलर लावलात तर त्या उन्हावर भरतील आणि लाइट जास्त वेळ गेली तरी दिवसा टिकतील. मात्र ही जोडणी खांबाशी नसल्याने अनुदान मिळणार नाही. जुन्या इन्व्हर्टरवर शिशाच्या जागी लिथियम बॅटरी टाकायचा मोह आवरा. त्याचा चार्जर शिशाच्या दाबाने भरतो आणि लिथियमचं संरक्षक सर्किट त्याला मध्येच तोडतं. आहे त्या बॅटऱ्या पाणी घालून, पातळी बघून आयुष्यभर वापरा. संपल्या की वरच्या उत्तरातल्या वाटेने जा.

प्रश्न : मी आठवीत आहे. मे महिन्यात सगळ्यात जास्त ऊन असतं, मग बाबांच्या मोबाइलवरच्या आलेखात मार्च-एप्रिलमध्ये जास्त युनिट का दिसतात?
(राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : बाळा, आलेख खरं बोलतो आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. त्याच्यावर लिहिलेले वॅट पॅनेल 25 अंशांवर असतानाचे असतात. मे महिन्यात दुपारी हवा 42 अंश असते तेव्हा काळं पॅनेल 65च्या पुढे तापतं. प्रत्येक जादा अंशाला त्याची ताकद साधारण 0.35 टक्के घटते. 40 अंशांचे गुणून बघ, 14 टक्के गेले. तिथे हात लावू नकोस, भाजेल.

दुसरं कारण आकाशात आहे. तुमची पॅनेल दक्षिणेकडे सुमारे 23 अंश कललेली असतील. मार्चमध्ये सूर्य दुपारी बरोबर त्यांच्या समोर येतो. मे-जूनमध्ये तो डोक्यावर जातो आणि सकाळ-संध्याकाळ तर चक्क उत्तरेकडून येतो, म्हणजे पॅनेलच्या पाठीमागून. त्यात मे महिन्यातली धूळ. बाबांना सांग, पॅनेल पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवायची, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात, तेव्हा शेवटचा हात नर्मदेच्या पाण्याचा.

आणि एक प्रयोग कर. इंदूरहून सूर्य वर्षात दोनदा अगदी डोक्यावर येतो, जूनच्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. जुलैला ढग असतात, म्हणून जून धर. 5 तारखेपासून रोज दुपारी सव्वाबाराला गच्चीवर एक सरळ डबा उभा ठेव आणि साडेबारापर्यंत त्याची सावली बघ. एका दिवशी ती पायाशी नाहीशी होईल. उज्जैनपलीकडच्या डोंगल्याला हेच 21 जूनला होतं, कारण कर्कवृत्त तिथून जातं. ती जागा डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांनी शोधून दिली आणि आता तिथे वेधशाळा आहे. तुझी सावली कोणत्या तारखेला नाहीशी झाली ते आम्हांला लिहून कळव, पुढच्या अंकात छापू.